फॉर्म भरणारे आम्ही, फॉर्म आखणारे ते

दहावी-बारावीचे निकाल लागले की केशोरीत आम्ही काही कार्यकर्ते विहारात करिअर मार्गदर्शन ठेवतो. सतरंजी, तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो, वंदना, मग दोन-तीन भाषणे. भाषणे दरवर्षी तीच असतात. पोलीस भरती, एमपीएससी, नर्सिंग, आयटीआय. मार्क बरे असतील तर इंजिनिअरिंग. यंदा भाषणे संपल्यावर बारावी झालेली एक मुलगी उठली. म्हणाली, "भाऊ, माझ्या आजीचा आंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाई. दुकानदार म्हणते, मशीनच नाई म्हणते तं मी का करू जी. मंग त्या मशीनचे नियम कोण बनवते? त्याचं शिक्षण कुठं भेटते?"

कोणीतरी म्हणाले, "कलेक्टर हो." ती म्हणाली, "कलेक्टर पण तं वरून आलं म्हणते." सगळे हसले. आम्हीही हसलो. खरी गोष्ट अशी की आमच्याकडे उत्तर नव्हते.

तिच्या आजीचे आयुष्य धानाच्या रोवणीत आणि मिरचीच्या तोडणीत गेले. केशोरीच्या मिरचीला बाजारात नाव आहे. ती तोडणाऱ्या बोटांच्या रेषा झिजतात, हे बाजाराला माहीत असायचे कारण नाही. पण ज्यांनी बोटाच्या रेषांवर धान्य द्यायचे ठरवले त्यांना ते माहीत असायला हवे होते. टेबलावर काम करणाऱ्याचे बोट आणि चिखलात काम करणारीचे बोट ही दोन वेगळी बोटे आहेत. कोणत्या समाजाच्या वाट्याला कोणते काम आले, हे या देशात योगायोगाने ठरलेले नाही. म्हणून आंगठा न उमटणे ही दिसायला तांत्रिक अडचण असली तरी ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.

त्या मुलीने विचारलेल्या शिक्षणाला नाव आहे. तंत्रज्ञानाचे धोरण, माध्यमे आणि डिजिटल समता यांचा अभ्यास. जगभरच्या विद्यापीठांत त्याचे विभाग आहेत, त्यावर पीएचडी होतात, लोक त्यात प्राध्यापक होतात, सरकारी समित्यांवर जातात, न्यायालयात तज्ज्ञ म्हणून उभे राहतात. यंत्र कसे बनवायचे हे इंजिनिअर शिकतो. यंत्र चुकले तर चूक कोणाची धरायची, भुर्दंड कोणी सोसायचा, यंत्राला 'सामान्य माणूस' म्हणून कोणाचे बोट, कोणाचा चेहरा आणि कोणाची भाषा शिकवली, हे प्रश्न या अभ्यासातले. आधार नाही किंवा आंगठा जुळत नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, अशी केंद्राची सूचना २०१७ पासून आहे. ती आजीपर्यंत पोचली नाही. कागदावरची सूचना आणि मशीनसमोरची आजी यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते मोजणे हेच या विषयाचे काम आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. आंबेडकरी तरुणांनी या क्षेत्रात शिकायला, शिकवायला आणि लिहायला गेले पाहिजे. एखादा हौशी नव्हे, दरवर्षी काही जणांनी. आणि चळवळीने त्यांना त्यासाठी बळ दिले पाहिजे, जसे ती स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला देते.

चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतील, हे नवे फॅड आहे. त्यांना १९४२ ची आठवण करून देतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी घेतल्यावर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९४२ मध्ये, बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगोला अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात शिक्षणाबद्दल त्यांचे म्हणणे असे होते की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या लोकांचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. आणि सरकारने त्यासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या द्याव्यात. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस हे लिहितो आहे.

पुढची चार वर्षे त्यांनी काय केले? ज्या खात्याला आपण फक्त 'मजूर मंत्री' म्हणून ओळखतो, त्या खात्याकडे वीज आणि पाणीही होते. दामोदर खोऱ्याची योजना, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, जलमार्ग आणि सिंचनाचा केंद्रीय आयोग, हे सगळे त्या काळातले. १९४३ मध्ये युद्धोत्तर वीज धोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी विचारलेले प्रश्न आजही जसेच्या तसे लागू पडतात. वीज सरकारच्या मालकीची असावी की खासगी? ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल? तेव्हाच्या विजेच्या जागी आजचे इंटरनेट ठेवून पाहा. तारा कशा ओढायच्या हे बाबासाहेबांनी इंजिनिअरांवर सोडले होते. तार कोणाच्या घरापर्यंत जाणार हे मात्र त्यांनी सोडले नाही. आपल्या महामानवाला आपण घटनाकार म्हणतो, अर्थतज्ज्ञ म्हणतो. तंत्रज्ञान धोरणाचा माणूस म्हणून मात्र त्यांच्याकडे बघत नाही. १९५४ मध्ये आमच्याच भंडारा मतदारसंघाने त्यांना पोटनिवडणुकीत पाडले. तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होता. त्यामुळे बाबासाहेबांना समजून घ्यायला उशीर करण्याची सवय आमच्या भागाला जुनीच आहे.

आता आमच्या स्वतःच्या चुकीकडे येतो. हा लेख खरे तर त्यासाठीच लिहायला घेतला.

गेली दहा-बारा वर्षे आम्ही केशोरी आणि आजूबाजूच्या गावांत फॉर्म भरतो आहोत. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, २०२१ पासून ई-पीक पाहणी, ई-श्रम कार्ड, धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी, २०२४ मध्ये लाडकी बहीण, आणि प्रत्येक योजनेची केवायसी. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: अर्जुनी मोरगाव तालुक्याचे हे टोक जंगलाचे आहे, पलीकडे गडचिरोली लागते, नकाशावर याची ओळख 'नक्षलग्रस्त' अशी आहे. रेंज येते आणि जाते. ओटीपी दहा मिनिटांचा असतो आणि रेंज पंधरा मिनिटांनी येते. म्हणून आम्ही रात्री दोन वाजता उठून फॉर्म भरले आहेत, कारण तेव्हा सर्व्हर मोकळा असतो. ज्याच्या नावाचा अर्ज त्याच्या घरी फोन नसतो, म्हणून पाच-पाच अर्जांवर आमचाच मोबाइल नंबर टाकला आहे. मग यंत्रणेला संशय येतो, एकाच नंबरचे पाच अर्ज कसे, आणि पाचही अडकतात. मग आम्ही तहसीलला जातो.

यात आमचा मोठेपणा आहे असे आम्हाला वाटत असे. समाजाचे काम करतो आहोत, असे. पण जरा थांबून बघा काय घडत होते. रात्री दोनला आम्ही दाबलेल्या बटणामुळे कुठेतरी मुंबईत एका डॅशबोर्डवर हिरवी खूण उमटत होती. त्या खुणेला आमचे जागरण माहीत नव्हते, गावातून नदीच्या बाजूला चालत जाऊन शोधलेली रेंज माहीत नव्हती, सायबर कॅफेवाल्याला दिलेले पन्नास रुपये माहीत नव्हते. तिच्या लेखी लाभार्थ्याने स्वतः, घरबसल्या, अर्ज भरला होता. पोर्टल यशस्वी दिसत होते, आणि ते आमच्यामुळे यशस्वी दिसत होते. ज्या व्यवस्थेविरुद्ध आम्ही भाषणे करत होतो, तिचा फुकटचा सुटा भाग आम्हीच झालो होतो.

फॉर्म भरणे सोडा असे आम्ही म्हणत नाही. पोराची शिष्यवृत्ती बुडते आहे तेव्हा तत्त्वज्ञान सांगत बसणारा कार्यकर्ता आमच्या कामाचा नाही. चूक दुसरी आहे. आम्ही नोंद ठेवली नाही. आमच्या हातून गेलेल्या शेकडो अर्जांपैकी किती अडकले, का अडकले, कोणत्या समाजाचे, बाईचे की पुरुषाचे, किती दिवस, किती खेपा, यातले काहीही आमच्याकडे लिहून नाही. स्क्रीनशॉट होते, ते जुन्या फोनबरोबर गेले. आणि आमच्याकडे समाजशास्त्राची एमएची पदवी आहे! संशोधन पद्धतीचा पेपर आम्ही चांगल्या मार्कांनी पास झालो होतो.

एका मुलाचे उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. आमच्या झाडीपट्टीत एकच आडनाव कोणी शहारे लिहितो, कोणी सहारे. गुरुजींनी शाळेत जे लिहिले ते कायम. त्याच्या दाखल्यावर एक होते, आधारवर दुसरे. माणसाच्या डोळ्याला हा फरक कळतो आणि तो हसून सोडून देतो. यंत्राला ती दोन माणसे वाटली. शिष्यवृत्ती दोन वर्षे आली नाही. कॉलेजने फीसाठी त्याचा टीसी अडवला. आम्ही शपथपत्र केले, राजपत्र केले, चकरा मारल्या. प्रकरण सुटले तोवर तो मुलगा हैदराबादला एका गोदामात कामाला लागला होता. तो तिथेच आहे. त्याच्यासारखे आणखी किती, हे आम्ही सांगू शकत नाही, कारण आम्ही मोजले नाही. आणि ज्याचे मोजमाप नाही ते सरकारच्या लेखी घडलेलेच नसते.

नावाच्या घोळाची गोष्ट आमच्या गावापुरती नाही. गडचिरोली ओलांडली की तेलंगण. तिथल्या सरकारने 'समग्र वेदिका' नावाची संगणकीय यंत्रणा उभी केली. ती वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या एकत्र करून नावे जुळवते आणि कोण गरीब, कोण नाही, याचा अंदाज बांधते. नामसाधर्म्यामुळे एका रिक्षा ओढणाऱ्याला कारचा मालक ठरवून त्याच्या कुटुंबाला रेशनपासून दूर ठेवल्याचे प्रकरण पत्रकारांनी बाहेर काढले. त्या राज्यात सुमारे १९ लाख कार्डे रद्द झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांची प्रत्यक्ष फेरतपासणी करायला सांगितले. आता आमच्या गावांचा विचार करा. मेश्राम, रामटेके, शहारे, बोरकर. एका वस्तीत एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोन-दोन माणसे. नावे जुळवणाऱ्या यंत्राने आमच्या वस्तीत काय गोंधळ घालावा? ते यंत्र बनवणाऱ्यांच्या टेबलाशी एखादा मेश्राम बसला असता तर त्याने पहिल्याच बैठकीत हा प्रश्न विचारला असता. त्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही, वस्तीत राहिलेले असावे लागते.

नावावरून काय होते याचे शास्त्र आपल्याच माणसाने उभे केले आहे, हे किती तरुणांना माहीत आहे? अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले म्हणून आपण त्यांचे सत्कार करतो, पण त्यांचे हे काम वाचत नाही. त्यांनी आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावात: कुठे सवर्ण नाव, कुठे दलित, कुठे मुस्लिम. कोणाला बोलावणे येते ते मोजले. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता दोन-तृतीयांशच भरली. मुस्लिम नावाला त्याहून कितीतरी कमी. हा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. 'खासगी क्षेत्रात जात नसते' हे वाक्य त्यानंतर प्रामाणिकपणे उच्चारता येत नाही.

सहा वर्षांनी, २०१३ मध्ये, अमेरिकेत लतान्या स्वीनी या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने हीच युक्ती यंत्रावर वापरली. तिने स्वतःचे नाव गुगलवर टाकले, तर शेजारी 'अटक झाली होती का' अशा धर्तीची जाहिरात आली. मग तिने काळ्यांमध्ये आढळणारी आणि गोऱ्यांमध्ये आढळणारी नावे पद्धतशीर टाकून बघितली. काळ्या नावांशेजारी अटकेच्या जाहिराती जास्त येत होत्या. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याहून कमी. काळ्या बायांच्या बाबतीत एका यंत्रणेची चूक ३४.७ टक्के. हा अभ्यास गाजला आणि कंपन्यांना आपली यंत्रे दुरुस्त करावी लागली. या तिघी आकाशातून पडलेल्या नाहीत. त्या ज्या समाजातून आल्या, त्या समाजाच्या अनुभवाने त्यांना प्रश्न दिला आणि विद्यापीठाने तो सिद्ध करायची पद्धत दिली.

आपल्याकडे अंगणवाडीतला घरी न्यायचा आहार मिळण्यासाठी जुलै २०२५ पासून आईचा चेहरा फोनला ओळखावा लागतो. उन्हात राबून काळवंडलेला, रक्त कमी असलेल्या बाळंतिणीचा चेहरा. तो किती वेळा ओळखला जात नाही? जातवार, जमातवार आकडा कोणाकडे आहे? गोंड बाईचा वेगळा, बौद्ध बाईचा वेगळा, पाटलाच्या सुनेचा वेगळा? हा अभ्यास करायला बुओलाम्विनी अमेरिकेतून येणार नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा फोटोची हजेरी सक्तीची झाली. रेंज नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रालयालाच पत्र काढावे लागले, की या अ‍ॅपवर फोटोचे फोटो चढवले जात आहेत, भलतेच फोटो चढत आहेत, तेव्हा ग्रामपंचायतीने सगळे फोटो माणसाकडून तपासून घ्यावेत. म्हणजे चोर चोरी करतच राहिला आणि मजूर बाई दुपारच्या फोटोसाठी कामावर ताटकळत राहिली. असे कोणी आधी सांगितले नव्हते का? सांगितले होते. आमच्या रोजगार सेवकाने सांगितले होते. पण त्याच्या सांगण्याला 'तक्रार' म्हणतात आणि प्राध्यापकाच्या सांगण्याला 'निष्कर्ष' म्हणतात. हा फरक आम्हाला आवडत नाही, पण तो आहे, आणि तो असेपर्यंत आपले प्राध्यापक हवेत.

रोहित वेमुलाचा फोटो आपल्या प्रत्येक अभ्यासिकेत आहे. १७ जानेवारीला आपण मेणबत्त्या लावतो. रोहित पीएचडी कशात करत होता, असा प्रश्न आम्ही एका शिबिरात विचारला तेव्हा एकाही हाताने उत्तर दिले नाही. तो हैदराबाद विद्यापीठात विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांच्या अभ्यासाचा संशोधक होता. विज्ञान शिकून तो मुद्दाम त्या विषयाकडे आला होता. महिन्याची २५ हजारांची फेलोशिप सात महिने अडकली होती. आपण हुतात्मा जपला, हे योग्यच. त्याचा विषय मात्र आपण त्याच्याबरोबर जाऊ दिला. व्यवस्थेने माणूस मारला, विषय तरी आपण उचलायचा होता.

दुसरे उदाहरण आनंद तेलतुंबडे यांचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचे, शेतमजुराच्या घरातले. नागपूरला इंजिनिअर झाले, अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकले, सायबरनेटिक्सशी संबंधित विषयात पीएचडी केली, पेट्रोलियम क्षेत्रात वरच्या पदावर राहिले, मग आयआयटी खरगपूरला प्राध्यापक, आणि पुढे गोव्यातल्या व्यवस्थापन संस्थेत 'बिग डेटा' हा विषय उभा केला. जात आणि यंत्र या दोन्हींवर अधिकाराने बोलू शकणारी अशी माणसे बोटावर मोजण्याइतकी. २०१९ मध्ये त्यांना कळले की त्यांचा फोन पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचे लक्ष्य होता. १४ एप्रिल २०२०, म्हणजे भीमजयंतीच्या दिवशी, भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. त्यांच्या सगळ्या राजकीय मतांशी आम्ही सहमत नाही. रिपब्लिकन राजकारण आणि बौद्ध धम्म यांवर त्यांनी लिहिलेले काही आम्हाला खटकतेही. पण या प्रकरणातून एक गोष्ट शिकायची आहे. त्याच खटल्यातले रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत फाइली बाहेरून घुसवल्या गेल्या, असा निष्कर्ष अर्सेनल या अमेरिकन प्रयोगशाळेने २०२१ मध्ये काढला. एनआयएला तो मान्य नाही. खरे-खोटे न्यायालय ठरवेल. आमचा प्रश्न असा आहे की आपल्या लोकांच्या स्वातंत्र्याचा निकाल ज्या हार्ड डिस्कवर अडकला आहे, ती तपासून न्यायालयात उभा राहील असा किती माणसांचा संच आपल्या समाजाने तयार केला? वकील आपण तयार केले, आणि चांगले केले. उद्याच्या अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यांत पुरावा व्हॉट्सअ‍ॅपचा असणार, मोबाइल लोकेशनचा असणार. तेव्हा फक्त वकील पुरणार नाही.

माध्यमांबद्दल थोडेच बोलतो, कारण त्यावर आपल्याकडे रोज बोलले जाते. आपली यूट्यूब चॅनेल आहेत, पेजेस आहेत, १४ एप्रिलला रील्सचा पूर येतो. याला काही जण 'आपला मीडिया' म्हणतात. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेबांना निदान कळले तरी, की नकार मिळाला आणि कोणाकडून मिळाला. आज तुमची पोस्ट कोणाला दाखवायची नाही हे ठरले तर तुम्हाला ते कोणी कळवतही नाही. म्हणूनच पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना घातला. आपल्याकडे पत्रकार आहेत. छापखाना कोणाचा, हा प्रश्न विचारणारे नाहीत. फेसबुकच्या नियमांत वंश आणि धर्माबरोबर 'जात' हा शब्द आज आहे. पण मराठीतल्या, त्यातही झाडीबोलीतल्या जातिवाचक शिव्या त्या यंत्राला कळतात का, हे तपासायला ती बोली येणारा संशोधक लागतो.

आता आक्षेप. पहिला आणि खरा: यात पोट भरते का? खोटे सांगत नाही. पोलीस भरतीइतक्या जागा यात कधीच निघणार नाहीत. पीएचडीला पाच-सहा वर्षे जातात आणि तेवढी वर्षे घर थांबत नाही. फेलोशिपचे हाल सगळ्यांना ठाऊक आहेत. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांना २०२३ मध्ये आझाद मैदानावर बसावे लागले. शिवाय फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत एक ओळ घातली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताबद्दलच्या सामाजिक अभ्यासाच्या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे दलित मुलाने परदेशात जाऊन रोबोट शिकावा. जातीबद्दल आणि समाजाबद्दल परदेशी विद्यापीठात बसून लिहू नये. या ओळीला आपण विरोध केला, तो चालूच ठेवला पाहिजे. तरीही तंत्रज्ञान धोरण हा विषय या कुंपणाच्या नेमक्या कडेवर उभा आहे, हे हुशार मुलांनी लक्षात घ्यावे. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागांची. देशातच शिकायचे तर जेएनयूमध्ये विज्ञान धोरणाचे केंद्र आहे, मुंबईत टिसचे माध्यम अभ्यासाचे विद्यालय आहे, आयआयटी मुंबईत धोरण अभ्यासाचे केंद्र आहे, बंगळुरूच्या आयआयआयटीत डिजिटल समाजावरचा अभ्यासक्रम आहे. यातली कुठलीही जागा आपल्या मुलांसाठी मऊ गादी नाही, हे रोहितनंतर वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. हे सगळे साहित्य इंग्रजीत आहे. खरे आहे. पण आमच्या भागातली मुले एमपीएससीसाठी मुघल सुलतानांच्या सनावळ्या पाठ करतात, तेवढ्या मेहनतीत इंग्रजी येते. आणि मराठीत हे साहित्य नाही, ते कोणी आणायचे?

तिसरा आक्षेप आमच्यातल्याच एका मित्राचा: "इतके शिकून तो परत केशोरीला येणार आहे का?" येणार नाही कदाचित. आम्हाला त्याचे दुःख नाही. तो दिल्लीतल्या टेबलाशी बसून 'शहारे आणि सहारे एकच' एवढे जरी लिहून घेऊ शकला तरी पुष्कळ झाले. ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना कॅमेऱ्यापुढे पापणी लवता येत नाही म्हणून केवायसी होत नव्हती. त्या न्यायालयात गेल्या, आणि न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पापणी न लवणाऱ्या माणसाला हक्क मिळतो, तर झिजलेल्या आंगठ्याच्या आजीला का नाही? पण तो अर्ज लिहायला आकडे लागतात, तारखा लागतात.

आणि घाईही आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातले कलम ८(१)(जे) बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाल्यावर हा बदल लागूही झाला. पूर्वी व्यापक जनहित दाखवले तर व्यक्तीशी संबंधित माहिती याच कलमाखाली मागता येत असे. आता त्या कलमात 'वैयक्तिक माहिती' एवढाच अडसर उरला आहे. जनहिताचे दुसरे कलम आहे, पण ते भांडून वापरावे लागेल. लाभार्थ्यांच्या याद्या, हजेरीपट, कोणाचे नाव का कापले, हे आपण ज्या हत्याराने काढत होतो त्याची धार अशी कमी झाली. सरकारकडून आकडा मिळणे अवघड होत जाणार असेल, तर आकडा आपल्याकडे असला पाहिजे.

म्हणून आम्ही विहारात एक नोंदवही ठेवली आहे. साधी, दोनशे पानी. रविवारी वंदनेनंतर दोन तास. ज्याचे काम अडले त्याने सांगायचे, आम्ही लिहायचे: तारीख, गाव, कोणती योजना, मशीनने किंवा स्क्रीनने नेमके काय म्हटले ते त्याच शब्दांत, किती खेपा, किती पैसे, शेवटी झाले की नाही. आधार क्रमांक आणि फोन नंबर लिहायचा नाही, हे पहिल्या पानावरच लिहिले आहे. दुसऱ्याच्या डेटाबद्दल ओरडायचे आणि स्वतः तो सांडायचा, असे नको. जातीचा रकाना ठेवायचा की नाही यावर दोन रविवार वाद झाला. काही ज्येष्ठ म्हणाले, आपण जात सोडली, मग वहीत कशाला? शेवटी रकाना ठेवला, सांगणाऱ्याच्या मर्जीवर. गोंड, गोवारी, कुणबी, जो येईल त्याची नोंद घ्यायची, असेही ठरले.

नोंदी ती मुलगीच करते. तिने नागपूरला बीएला प्रवेश घेतला आहे, समाजशास्त्र आणि इंग्रजी घेऊन. सुटीच्या रविवारी येते, नसते तेव्हा तिचा भाऊ लिहितो. पहिली नोंद तिच्या आजीची आहे. इतर गावांतल्या कार्यकर्त्यांना हे रकाने हवे असतील तर त्यांनी एखाद्या रविवारी यावे, पानाचा फोटो काढून न्यावा. गावागणिक रकाने वेगळे झाले तर पुढे आकडे जुळणार नाहीत, म्हणून निदान पहिले सहा तरी तसेच ठेवावेत.